हजेरीचे वाङ्मय

मराठी कादंबरीने यंत्रयुगाचे चित्रण केले ते मुख्यतः गिरणीच्या भोंग्याचे, चाळीचे आणि संपाचे. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून ही परंपरा चालत आलेली आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु यंत्र म्हटले की चाक, पट्टा आणि धूर एवढेच डोळ्यांपुढे यावे, ही आपल्या वाङ्मयीन कल्पनाशक्तीची एक मर्यादा होऊन बसली आहे. माणसाच्या आयुष्यावर खोल परिणाम करणारे एक यंत्र धूर सोडीत नाही आणि आवाजही करीत नाही. ते कचेरीतील मेजावर असते. त्याला नोंदवही म्हणतात. कोण कुठे राहतो, रात्री कुठे निजतो, कोणाच्या बोटांवरील रेषा कशा आहेत, हे त्या वहीत लिहिलेले असते. आणि वही ज्याच्या हाती असते तो त्या माणसाला न बोलावताही उभा करू शकतो.

ह्या यंत्राचे वाङ्मय मराठीत आहे. आपण ते त्या नावाने वाचलेले नाही, इतकेच. विभावरी शिरूरकर ह्यांची ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ (१९८७) व भीमराव गस्ती ह्यांचे ‘बेरड’ (१९८७) ही आत्मकथने, अशी तीन पुस्तके प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतली आहेत. तिन्हींचा विषय ‘गुन्हेगार’ ठरविल्या गेलेल्या, अथवा तसे मानल्या गेलेल्या, जमातींचे जीवन हा आहे. ह्या पुस्तकांचे मूल्यमापन करताना दारिद्र्य, जातिभेद आणि पोलिसी जुलूम ह्या तीन गोष्टींवर सामान्यतः भर दिला जातो. तो योग्यच आहे. पण अपुरा आहे. नोंद, सत्ता आणि धंदा ह्या तिघांची जी भागी ह्या माणसांच्या जगण्यावर उभी राहिली, ती ध्यानात घेतली तर ही पुस्तके आजच्या वाचकाशी निराळ्याच निकडीने बोलू लागतात, असे मला वाटते.

१

ह्या भागीचे उदाहरण शोधण्यास हुबळी-धारवाडच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. हुबळीत ‘सेटलमेंट’ ह्या नावाने ओळखला जाणारा भाग आजही आहे. सोलापुरातही ह्याच नावाची वस्ती आहे. ह्या नावामागे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा आहे. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांनाही लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित करावी. त्या घोषणेच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयाला नसावा. जमातीतील माणसांची नावे व बोटांचे ठसे घ्यावेत. त्यांनी हजेरी द्यावी. आणि सरकारला वाटल्यास त्यांना वसाहतीत नेऊन ठेवावे, अशी ह्या कायद्याची रचना होती. मुलांना आईबापांपासून दूर ठेवण्याचीही तरतूद त्यात होती. गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार ठरविणारा हा कायदा होता.

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. ही गावे पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षात येते. ही कापसाची व गिरण्यांची गावे आहेत, रेल्वेची गावे आहेत. हुबळीत रेल्वेची मोठी कर्मशाळा होती. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सदर्न मराठा रेल्वे’ ह्या कंपनीने, सरकारी हमीच्या आधाराने, हा प्रदेश रुळांनी जोडला होता. ज्या माणसाला रात्री कुंपणात परत यावेच लागते आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नाही, तो मजूर म्हणून किती सोयीचा असतो, हे सांगावयास नको. वसाहतीच्या चालकांची भाषा सुधारणेची होती. ‘नियमित कामाने माणूस सुधारतो’ ही त्यांची श्रद्धा होती आणि त्यांतील काहींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु श्रद्धा चालकांची आणि श्रम वसाहतीतल्या माणसाचे, अशी ती विभागणी होती.

ह्याही आधीची एक पायरी आहे. कोरव, लमाणी ह्यांच्यासारख्या जमाती बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून नेत. मीना राधाकृष्ण ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मद्रास इलाख्यातील कोरवांच्या बाबतीत दाखविले आहे की, रेल्वेने आणि सरकारच्या मीठविषयक धोरणाने त्यांचा हा व्यापार मोडला. व्यापार मोडल्यावर भटकणे राहिले. भटकणे तेवढे कायद्याच्या नजरेस खुपले. आणि त्याच जमातीतील माणसे पुढे वसाहतींतून कंपन्यांच्या कामावर गेली. चिराळा येथील तंबाखू कंपनीला स्टुअर्टपुरम् वसाहतीतून मजूर मिळाले, हे त्याचेच उदाहरण होय. म्हणजे नव्या साधनाने धंदा काढून घेतला, सत्तेने बेकारीला गुन्हा म्हटले आणि कंपनीने त्या गुन्हेगाराला कामावर घेतले. ह्यात कोणा एकाने कट रचला असे मानण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आणि तिघांच्या चोखपणातून हे कुंपण उभे राहिले.

२

‘बळी’ ही कादंबरी ह्या कुंपणाच्या आतील जीवनाविषयी आहे. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) ह्या पुस्तकाने सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीच्या कोंडमाऱ्याला वाचा फोडणाऱ्या ह्या लेखिकेने सोलापूर भागातील अशा वसाहतीचे जीवन सुमारे तीन वर्षे जवळून पाहिले होते. दोन्ही पुस्तकांचा विषय वरवर अगदी भिन्न दिसतो. परंतु दृष्टी एकच आहे. घराच्या उंबरठ्याने जी कोंडी होते आणि तारेच्या कुंपणाने जी होते, त्या दोहोंतही कोंडणाऱ्याची भाषा हिताचीच असते, हे त्यांना फार लवकर कळले होते. म्हणूनच मध्यमवर्गीय लेखिकेने ‘खालच्या’ थराकडे वळून पाहिले, एवढ्या कौतुकात ह्या कादंबरीची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

कादंबरीचे शीर्षक एक प्रश्न विचारते. बळी दिला जातो तेव्हा तो कोणत्या तरी देवतेला दिला जातो. येथे ती देवता कोणती? ‘निष्ठुर समाज’ हे सोपे उत्तर आहे. पण ते इतके व्यापक आहे की त्यातून कोणीच सापडत नाही. समाज सर्वत्र असतो. तारेचे कुंपण मात्र विशिष्ट कायद्याने, विशिष्ट गावाजवळ, विशिष्ट कारखान्यांच्या आसपास घातले जाते. ज्या समीक्षेला हा फरक करता येत नाही ती शेवटी करुणेच्या उद्गारावर थांबते, आणि करुणा ही वसाहतीच्या चालकांजवळही होतीच.

ह्या कादंबरीची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. लेखिका कितीही सहृदय असली तरी ती संध्याकाळी फाटकातून बाहेर पडू शकणारी व्यक्ती आहे. तिला हजेरी दिसते. तिला ती द्यावी लागत नाही. हा दोष मानावा काय? माझ्या मते मानू नये. व्यवस्थेच्या आतील माणसाला अन्याय कळतो, पण त्या अन्यायाची कार्यपद्धती नेहमीच कळते असे नाही. कारण वही त्याला दाखविली जात नाही. मालतीबाईंचे स्थान वहीच्या बाजूचे होते. वहीच्या बाजूला बसून वहीवर विश्वास न ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. ‘बळी’चे खरे धैर्य विषयाच्या निवडीपेक्षा ह्या अविश्वासात आहे.

३

‘उचल्या’मध्ये वही दुसऱ्या बाजूने दिसते. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ह्या आत्मकथनाचा आरंभच नोंदीच्या अभावाशी निगडित आहे: आपल्याला जन्मतारीख नाही, गाव नाही, घर नाही, असे सांगणारा हा लेखक आहे. ज्या जमातीच्या माणसांची नावे पोलिसांच्या दप्तरात काटेकोरपणे लिहिली जात, त्या जमातीत जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख मात्र कोणी लिहून ठेवली नाही. एकाच राज्यव्यवस्थेची ही दोन दप्तरे आहेत. एकात माणूस संशयित म्हणून असतो, दुसऱ्यात नागरिक म्हणून असावयास हवा होता. पहिले भरलेले आणि दुसरे कोरे, हा विरोध ‘उचल्या’च्या मुळाशी आहे, आणि लेखकाने तो कसलाही आव न आणता सांगितल्यामुळेच तो जिव्हारी लागतो.

ह्याच पुस्तकात पुढे लातूरच्या सूतगिरणीतील नोकरी आणि कामगारांची चळवळ येते. येथे ‘हजेरी’ ह्या शब्दाचा अर्थ पालटतो. आजोबांच्या पिढीला हजेरी म्हणजे पोलिसांपुढे उभे राहणे. नातवाला हजेरी म्हणजे मजुरीचा पुरावा. हजेरीपटावर नाव असणे म्हणजे आपण काम केले हे सिद्ध करता येणे, आणि ज्यांची नावे त्या पटावर आहेत त्यांच्याशी एकजूट करता येणे. तेव्हा नोंद ही स्वभावतःच दुष्ट असते, असा निष्कर्ष ‘उचल्या’ वाचून काढता येत नाही. नोंद नसणे हेही एक दुःखच आहे. ‘उचल्या’ने आपल्या विचारात ही महत्त्वाची दुरुस्ती केली आहे.

मग चांगली वही आणि वाईट वही ह्यांत भेद कसा करावा? ह्या पुस्तकांच्या वाचनातून तीन कसोट्या हाती लागतात. ज्याचे नाव वहीत आहे त्याला ती वाचता येते काय? तीत चूक असेल तर ती दुरुस्त करून घेता येते काय? आणि आपले नाव तीतून काढून घेता येते काय? १९११ चा कायदा ह्या कसोट्यांवर पुरेसा उतरत नाही. सूतगिरणीचा हजेरीपट, कामगारांची संघटना जागी असेल तोवर, बऱ्याच अंशी उतरतो.

तिसरी कसोटी ‘बेरड’ने सर्वांत तीव्रतेने मांडली आहे. भीमराव गस्ती (१९५०–२०१७) हे बेळगावजवळच्या यमनापूरचे. कर्नाटकात राहून मराठीत लिहिणाऱ्या ह्या लेखकाचे पुस्तक सीमाभागातील वाचकाला आपल्या अंगणातले वाटावे असे आहे. बेरड जमातीचा इतिहास ह्या प्रदेशाला अपरिचित नाही. १८५७ मध्ये हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे सरकारजमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध बंड केले, ही घटना कन्नड लोकगीतांत अजून जिवंत आहे. शस्त्र हे ज्यांच्या उपजीविकेचे आणि मानाचे साधन, त्यांना ते टाकण्याचा हुकूम झाला आणि नकाराला बंडखोरी म्हटले गेले. त्यांच्या वंशजांवर पुढे चोरीचा संशय कायमचा चिकटला. परिसरात चोरी झाली की बेरडांना धरून नेणे आणि मारहाण करणे, हे ‘बेरड’मधील वास्तव स्वातंत्र्योत्तर काळातील आहे, हे विसरता कामा नये. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वही बंद झाली. पण तीतील नावे पोलिसांच्या स्मरणात राहिली. ज्या यादीतून नाव काढणे दंडाधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले होते, ती यादी रद्द करूनही पुसली जात नाही.

ह्याचा पुरावा पुढील काळानेही दिला. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर ह्या विमुक्त जमातीतील तरुणाचा पोलिसांच्या कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, लक्ष्मण गायकवाड आणि पुढे धारवाडला वास्तव्यास आलेले गणेश देवी ह्यांनी ह्या जमातींच्या हक्कांसाठी एकत्र येऊन काम उभारले. तीन भाषांतील तीन लेखक एका मृत्यूच्या निमित्ताने एकत्र आले, ही वाङ्मयाच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी घटना आहे.

४

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे उभा राहील. साहित्यकृती म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे. कादंबरीने आणि आत्मकथनाने अनुभव द्यावा, कायद्याची व अर्थकारणाची मीमांसा अभ्यासकांवर सोपवावी. समीक्षकाने कलाकृतीकडे अशी मागणी करणे हे तिच्या स्वायत्ततेवरील आक्रमण होय. ह्या आक्षेपात तथ्य आहे. वसाहतीत किती माणसे होती, गिरणीने किती मजुरी दिली, हे कादंबरीने सांगावे असे मी म्हणत नाही.

परंतु अनुभव हा शब्द आपण किती अरुंद करून ठेवला आहे, हेही पाहिले पाहिजे. भूक हा अनुभव आहे, मार हा अनुभव आहे, अपमान हा अनुभव आहे. मग रांगेत उभे राहून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहणे हा अनुभव नव्हे काय? शाईत बुडविलेले आपलेच बोट परक्याने धरून कागदावर फिरविणे हा नव्हे काय? ह्या क्षणी शरीर स्वतःच्या मालकाविरुद्ध साक्षीदार होते. ह्यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण आणि अधिक अंतर्मुख करणारा प्रसंग कोणत्या लेखकाला हवा? अशा प्रसंगाला ‘प्रशासकीय तपशील’ म्हणून बाजूला सारणारी अभिरुची कलेची स्वायत्तता राखीत नाही. ती कलेचा प्रदेश आकुंचित करते.

आपली भाषा ह्या बाबतीत आपल्या समीक्षेपेक्षा शहाणी आहे. ‘एखाद्याची हजेरी घेणे’ ह्याचा मराठीत अर्थ त्याची खरडपट्टी काढणे असा होतो. ‘अंगठाबहाद्दर’ ह्या शब्दात निरक्षर माणसाविषयीचा उपहास आहे. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यावा लागतो. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटविणे म्हणजे काय, हे मराठी शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. बोटांच्या ठशांचा आधुनिक इतिहासही अशाच एका कागदापासून सांगितला जातो. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची स्वतंत्र कचेरी उघडली. कंत्राटापासून कोठडीपर्यंतचा हा प्रवास चाळीस वर्षांत पुरा झाला.

५

ह्या पुस्तकांचे पुनर्वाचन आजच का करावे, ह्याचे उत्तर आता देता येईल. पूर्वी अंगठा फक्त निरक्षरांचा आणि संशयितांचा घेतला जाई. आता तो सर्वांचा घेतला जातो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी पहिला ‘आधार’ क्रमांक देण्यात आला. ही योजना राबविणाऱ्या प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष नंदन निलेकणी हे ‘इन्फोसिस’ ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे काही शालेय शिक्षण धारवाडलाच झाले. संगणक व्यवसायातील कर्तृत्व शासनाच्या सेवेत यावे, ह्यात गैर काही नाही. परंतु साधन, सत्ता आणि धंदा पुन्हा एकत्र आले आहेत, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे.

ह्या दोन व्यवस्था एकच आहेत असे म्हणणे हा विपर्यास होईल. १९११ च्या कायद्याचा हेतू बांधून ठेवण्याचा होता. ‘आधार’चा घोषित हेतू लाभ पोहोचविण्याचा आहे, आणि जात, धर्म वा जमात ह्यांची माहिती घेण्यास त्याच्या कायद्यातच मनाई आहे. ज्यांच्याजवळ कोणताच कागद नव्हता अशा कित्येकांना ह्यामुळे पहिली ओळख मिळाली असेल. ‘उचल्या’च्या पहिल्या पानावरचे दुःख ज्याला कळले आहे तो ह्या गोष्टीला क्षुद्र म्हणणार नाही. येथे न्यायालयाचे दारही बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना वैध ठरविली आणि खासगी कंपन्यांना करारान्वये तिचा वापर करू देणारी तरतूद मात्र रद्द केली. पुढे २०१९ च्या कायद्याने बँका व दूरध्वनी कंपन्यांसाठी ऐच्छिक वापराची वाट मोकळी झाली आणि २०२५ च्या नियमदुरुस्तीने ती आणखी रुंदावली. दार न्यायालयाने लावावे आणि कायद्याने व नियमाने ते पुन्हा किलकिले व्हावे, हा क्रम आपल्याला ओळखीचा वाटला पाहिजे.

आपल्या तीन कसोट्या येथे लावून पाहाव्यात. वही वाचता येते काय? काही प्रमाणात येते; पण ती कोणी कोणी वाचली हे सामान्य माणसाला उमगणे कठीण. दुरुस्त करता येते काय? येते, परंतु ज्या मजुराच्या बोटांवरील रेषा दगड फोडून आणि विटा वाहून झिजल्या आहेत, त्याचा अंगठा यंत्राने नाकारला तर दुरुस्त काय करावयाचे: नोंद की बोट? रेशनच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. आणि वहीतून बाहेर पडता येते काय? ह्याला उत्तर देताना २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदाही ध्यानात घ्यावा. अटक झालेल्यांचे ठसे व अन्य मापे पंचाहत्तर वर्षे जपून ठेवण्याची तरतूद त्याखाली आहे. पंचाहत्तर वर्षे म्हणजे आजोबापासून नातवापर्यंतचा काळ. ‘बेरड’ वाचलेल्या माणसाला ह्या आकड्याचा अर्थ अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आशेला जागा नाही असे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द ठरविल्या आणि त्या निकालात विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार समजणाऱ्या भाषेवरही बोट ठेवले. कायदा गेल्यानंतर बहात्तर वर्षांनी त्याची भाषा हटविण्याचा आदेश निघाला. कायद्यापेक्षा शब्दाचे आयुष्य मोठे असते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवीन नाही. म्हणूनच हे काम केवळ वकिलांवर सोडून भागत नाही.

आपल्या महाविद्यालयांतून ‘उचल्या’ आणि ‘बेरड’ ही पुस्तके दलित व ग्रामीण आत्मकथनांच्या वर्गात शिकविली जातात आणि ‘बळी’ स्त्रीलेखिकांच्या. वर्गीकरणाला आपली सोय असते. पण वर्गीकरण हीसुद्धा एक नोंदवहीच आहे आणि तीत घातलेली पुस्तके तीतून सहजासहजी बाहेर पडत नाहीत. ही तीन पुस्तके एकत्र शिकविली जावीत अशी माझी सूचना आहे. त्यांच्या जोडीला १९२४ च्या कायद्याची कलमे वर्गात वाचून दाखवावीत, आणि हुबळीच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की, आपल्या गावात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, तेथे कोण ‘सेटल’ झाले होते आणि कोणाच्या हुकुमाने? जो विद्यार्थी ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागेल तो पुढे कोणत्याही यंत्रावर अंगठा टेकविण्यापूर्वी क्षणभर थांबेल आणि वही कोणाच्या हाती आहे हे विचारील. वाङ्मयाच्या अध्यापनाकडून ह्याहून अधिक अपेक्षा करू नये; ह्याहून कमीही करू नये.